महिला सरपंचांसाठीचे तीन दिवसांचे निवासी प्रशिक्षण : अठराशे रुपयांत काय मिळाले

डिसेंबर २०२४ मध्ये जळगाव शहराबाहेरच्या एका संस्थेने महिला सरपंच व सदस्यांसाठी भरवलेल्या तीन दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला मी गेले होते. शासकीय प्रशिक्षणे विनामूल्य असतात. हे खासगी होते आणि राहणे, जेवण व पुस्तिका धरून माणशी १,८०० रुपये शुल्क होते. ते मी स्वतःच्या मानधनातून भरले. आमच्या गावाची लोकसंख्या दोन हजारांच्या आत असल्याने सरपंचाचे मानधन दरमहा ३,००० रुपये होते आणि सप्टेंबर २०२४ च्या निर्णयाने ते ६,००० झाले. त्या वाढीतून माझ्या मर्जीने झालेला पहिला मोठा खर्च हाच. परीक्षण तेव्हाच लिहिता आले असते, परंतु अशा प्रशिक्षणाचा कस परत येऊन ग्रामपंचायतीचे दप्तर उघडल्यावरच लागतो, म्हणून मी वर्षभर थांबले. संस्थेचे नाव देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक उणिवा मी इतर प्रशिक्षणांतही पाहिल्या आहेत.

डिसेंबर २०२२ मध्ये थेट जनतेतून झालेल्या निवडणुकीत मी अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावाची सरपंच झाले. पद सर्वसाधारण महिलेसाठी राखीव होते. त्यापूर्वी सहा वर्षे एका खासगी शाळेत शिकवत असे, आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात दाखल्यापुरतीच गेले होते. आरक्षणाची चिठ्ठी निघाली त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर जी बैठक बसली तिचा विषय ‘कोणाला उभे करायचे’ हा होता. ‘कोण उभी राहणार’ असे कोणी विचारले नाही, आणि त्या बैठकीत मी दोनदा चहा घेऊन आत-बाहेर केले. आरक्षण नसते तर त्या ओसरीवर माझे नाव कोणाच्या तोंडी आलेच नसते, हेही तितकेच खरे आहे. राखीव जागेने बाई खरोखर सबळ होते की केवळ फलकावर तिचे नाव चढते, हा प्रश्न इतरांसाठी वादाचा असेल. माझ्यासाठी तो रोज सकाळी अकरा वाजता कार्यालयाचे कुलूप उघडताना पडणारा प्रश्न होता. संस्थेच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापले होते, ‘नामधारी नव्हे, कारभारी सरपंच’. त्या आश्वासनापायीच मी पैसे भरले, तेव्हा मोजमापही त्याच मापाने केले पाहिजे.

सुरुवातच वाईट झाली. नोंदणीसाठी आलेला फोन माझ्या पतींनी उचलला, कारण ‘सरपंचांचा क्रमांक’ म्हणून सर्वत्र त्यांचाच क्रमांक होता. उमेदवारी अर्ज भरताना तो दिला गेला आणि तिथून पंचायत समितीच्या यादीत, गटविकास अधिकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आणि शेवटी या संस्थेच्या यादीत जाऊन बसला. आलेल्या अडतीस जणींपैकी निम्म्याहून अधिक जणींची हीच कथा असल्याचे पहिल्या रात्री गप्पांत कळले. ज्या प्रशिक्षणाचा उद्देश बाईला कारभारी करणे हा आहे, त्याच्या आयोजकांनी नोंदणीच्या वेळी ‘तुमचा स्वतःचा क्रमांक कोणता?’ एवढे विचारायला हवे होते. त्याऐवजी नोंदणीच्या तक्त्यात ‘पतीचे नाव व संपर्क’ असा रकाना होता आणि तो भरणे सक्तीचे होते. आमच्यात एक विधवा सदस्य होत्या. त्यांनी त्या रकान्यात दिराचे नाव लिहिले.

सोबत आलेल्या पुरुषांचाही बंदोबस्त आयोजकांना करता आला नाही. अकरा-बारा जण पोहोचवायला म्हणून आले आणि व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका व्याख्यात्यांनी ‘त्यांनाही माहिती होऊ द्या’ असे म्हणत त्यांना सभागृहात बोलावले आणि पुढच्या पाऊण तासात एकाही बाईने प्रश्न विचारला नाही. सकाळी ज्या आठ-दहा जणी हात वर करत होत्या, त्यांचे हात मांडीवर आले. आयोजकांपैकी कोणाच्या हे लक्षात आले का, ठाऊक नाही; माझ्या वहीत त्या पानावर वेळ लिहिलेली आहे.

राहण्या-जेवण्याबद्दल तक्रार नाही. खोल्या स्वच्छ होत्या, पहाटे गरम पाणी मिळत होते, आणि डिसेंबरातले वांग्याचे भरीत व कळण्याची भाकरी जशी असायला हवी तशी होती. मात्र चौघी जणी तान्ही मुले घेऊन आल्या होत्या आणि त्यांच्यासाठी साधी चटई टाकलेली खोलीही नव्हती. भडगाव तालुक्यातल्या एका सदस्याने जवळजवळ संपूर्ण पहिला दिवस बाहेर झाडाखाली काढला. महिलांच्या प्रशिक्षणात मूल हा अनपेक्षित पाहुणा कसा ठरतो, हे मला कळलेले नाही.

पहिला दिवस दीपप्रज्वलन, सत्कार आणि इतिहास यांत गेला. घटनेची ७३ वी दुरुस्ती १९९२ सालची, ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, तिने पंचायतीतील किमान एक तृतीयांश जागा व पदे स्त्रियांना दिली, महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले, आणि लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा देणारी १०६ वी दुरुस्ती २०२३ मध्ये संमत झाली असली तरी जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना होईपर्यंत ती थांबलेली आहे, एवढे चार वाक्यांत सांगता येण्यासारखे होते. त्याला अडीच तास लागले. थोर स्त्रियांची नावे भरपूर आली आणि प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या, परंतु खान्देशातल्या श्रोत्यांसमोर उभे राहून व्याख्याते खान्देशाविषयी काहीच बोलले नाहीत, याचे मला आश्चर्य वाटले.

सांगण्यासारखे पुष्कळ होते. प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये जळगावातून विधानसभेवर गेल्या, पुढे एदलाबादमधून (आताचे मुक्ताईनगर) सलग निवडून येत राहिल्या आणि २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या. त्या मतदारसंघांत स्त्रियांचे आरक्षण कधीच नव्हते. त्याहून आमच्या जवळचे उदाहरण जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचे आहे. तिथे १९८९ च्या सुमारास, म्हणजे ७३ व्या दुरुस्तीच्या आधी, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या प्रेरणेने सर्व बायकांचे पॅनल ग्रामपंचायतीवर निवडून आले आणि पाठोपाठ लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत तिथल्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे केला. खुर्ची आणि सातबारा यांचा संबंध त्या गावाने तेव्हा दाखवून दिला होता. आमच्या अडतीस जणींत स्वतःच्या नावावर शेत असलेल्या किती आहेत, हा प्रश्न तीन दिवसांत कोणी विचारला नाही. मी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचारला, तेव्हा खोलीतल्या सहा जणींपैकी एकीने होय म्हटले, आणि तेही माहेरचे वाटणीत आलेले.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीचा उल्लेख मात्र चोपडा तालुक्यातल्या एका तरुण सरपंचाने केला. महाराष्ट्रातून अठ्ठेचाळीसपैकी सात महिला खासदार निवडून आल्या आणि त्यांतल्या तीन, म्हणजे जळगाव, रावेर आणि धुळे, खान्देशातल्या आहेत. तिथे आरक्षण नव्हते, मग आम्हाला ते का लागते, असा तिचा रोखठोक प्रश्न होता. व्याख्यात्यांनी ‘छान प्रश्न’ म्हणून पुढचे चित्र पडद्यावर आणले. तिला उत्तर मिळायला हवे होते. त्या तिघींपैकी रावेरच्या खासदार कोथळी गावच्या सरपंचपदावरून वर गेल्या आहेत, म्हणजे पायरी गावातच होती. आणि राजकीय घराण्याचे किंवा पक्षातल्या दीर्घ कामाचे पाठबळ ज्यांना आहे त्यांना वाट सापडते, हेही कोणी नाकारणार नाही. परंतु कापूस वेचायला जाणाऱ्या बाईच्या मागे घराणे नसते आणि पक्षाला तिचे नाव माहीत नसते. वॉर्ड क्रमांक दोन राखीव झाला नसता तर आमच्या पंचायतीतल्या अशा एका सदस्याला मासिक सभेची नोटीस कधी मिळाली असती, हे मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळचे सत्र संशोधनावर होते आणि ते रटाळ होईल असे मी गृहीत धरले होते, पण एका तरुण प्राध्यापिकेने ते अतिशय नेटके घेतले. रघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानातील उदयपूर या जिल्ह्यांतल्या पंचायतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला होता. सरपंचपद राखीव कोणते करायचे हे कोणाच्या मर्जीवर नसल्यामुळे राखीव आणि अराखीव गावांची तुलना सरळ करता आली, आणि बायका प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च केल्याचे दिसले, कारण दोन्ही ठिकाणी बायकांच्या तक्रारींत पाणी आघाडीवर होते. आमच्या गावात उन्हाळ्यात दहा-दहा दिवसांनी नळ येतो. तेव्हा हे ऐकून सभागृहात जी कुजबुज झाली ती व्याख्यानाला दिलेली दाद नव्हती. प्रत्येक जण आपल्या गावातल्या टाकीचा हिशेब शेजारणीला सांगत होती. प्राध्यापिकाबाईंनी ती थांबवली नाही आणि पाच मिनिटे तशीच जाऊ दिली, हे मला फार आवडले.

त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मुंबईची होती. रिखिल भावनानी यांनी महापालिकेच्या निवडणुका तपासून २००९ मध्ये दाखवले की जो प्रभाग आधीच्या वेळी स्त्रियांसाठी राखीव होता, तो पुढे खुला झाल्यावर तिथे बाई निवडून येण्याची शक्यता आधी राखीव नसलेल्या प्रभागाच्या सुमारे पाच पट होती. म्हणजे एकदा लोकांना, आणि तिकीट देणाऱ्यांनाही, बाई उभी राहिलेली पाहायची सवय झाली की ती सवय आरक्षण गेल्यावरही काही अंशी उरते. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे, कारण २०२७ च्या अखेरीस माझ्याही गावाचे आरक्षण बदलणार आहे.

कायद्याच्या सत्राला सभागृह भरले होते आणि त्याचे कारण साधे होते. आमच्यापैकी बहुतेक जणी डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीतल्या. निवडून आल्यापासून दोन वर्षे अविश्वास ठराव आणता येत नाही, आणि ती दोन वर्षे नेमकी त्याच महिन्यात संपत होती. थेट निवडून आलेल्या सरपंचावरचा ठराव संमत व्हायला तीन चतुर्थांश सदस्यांचे बहुमत लागते आणि त्यानंतर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने तो कायम व्हावा लागतो, हे वकीलबाईंनी फळ्यावर आकडे मांडून समजावले: नऊ सदस्यांत किती, अकरांत किती. माझ्या शेजारी बसलेल्या जामनेर तालुक्यातल्या सरपंचांनी ते आकडे तळहातावर लिहून घेतले.

त्याच वकीलबाईंनी विचखेड्याचे प्रकरण सांगितले, आणि ते आमच्याच जिल्ह्यातले असूनही निम्म्या जणींना माहीत नव्हते. तिथल्या सरपंच फेब्रुवारी २०२१ मध्ये निवडून आल्या. त्या सासूसह सरकारी जागेवरील घरात राहतात अशी तक्रार झाली. आपण पती व मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो हे त्यांचे म्हणणे असूनही जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवले, विभागीय आयुक्तांनी तो निर्णय कायम केला, आणि उच्च न्यायालयाने तांत्रिक कारणावरून याचिका फेटाळली. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले आणि बाई सरपंच झाली हे गावातल्या लोकांना पचले नाही, असे स्पष्टपणे नोंदवले. पाच वर्षांच्या मुदतीतली साडेतीन वर्षे उलटून गेली होती. वकीलबाईंनी त्यावर भाष्य केले नाही. फक्त तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि आम्हाला वजाबाकी करायला सांगितली. या सत्राला मी पूर्ण गुण देते.

आता जी उणीव मला सर्वांत जास्त खटकली ती. अडतीस जणींत सात नंदुरबार जिल्ह्यातल्या होत्या आणि त्यांतल्या दोघी धडगावकडच्या, पावरी बोलणाऱ्या. पुणेरी वळणाची भाषणे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. शहाद्याच्या एक सदस्य शेजारी बसून त्यांना हळू आवाजात समजावून देत राहिल्या, आणि एकदा व्याख्यात्यांनी त्यांनाच ‘बोलू नका’ म्हणून दटावले. त्याहून गंभीर म्हणजे त्यांच्या गावांना लागू असलेला १९९६ चा पेसा कायदा (आदिवासी अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा) कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नव्हता. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेचे अधिकार वेगळे आहेत, तिथल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी थेट मिळतो, आणि तो कसा खर्च करायचा हा त्यांच्या कारभाराचा मोठा भाग आहे. शुल्क त्यांच्याकडूनही तेवढेच घेतले होते, शिवाय धडगावहून जळगावपर्यंतचे एसटीचे भाडे वेगळे. खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांच्या नावाने जाहिरात करायची आणि अभ्यासक्रम मात्र तापीकाठच्या सपाट गावांपुरता ठेवायचा, हे योग्य नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर, म्हणजे जेव्हा अर्ध्या जणी एसटीची वेळ पाहत होत्या, तेव्हा एका निवृत्त महिला विस्तार अधिकाऱ्यांचे दीड तासाचे सत्र ठेवले होते. संपूर्ण प्रशिक्षणाची किंमत या दीड तासात वसूल झाली, आणि ते शेवटी का ठेवले हे आयोजकांनाच विचारायला हवे. बाईंनी पहिलाच प्रश्न केला, “तुमचा डोंगल या क्षणी कुठे आहे?”

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. केंद्राकडून ग्रामपंचायतीला मिळणारा वित्त आयोगाचा निधी आता धनादेशाने निघत नाही. ई-ग्रामस्वराज प्रणालीवर ग्रामसेवक (ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) आणि सरपंच या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या झाल्या की रक्कम थेट ठेकेदाराच्या किंवा दुकानदाराच्या खात्यात जाते. सरपंचाची ही स्वाक्षरी बोटाएवढ्या डोंगलमध्ये असते आणि तिला एक पिन असतो. पूर्वी नामधारी सरपंचाची निदान सही घ्यायला कोणीतरी घरी यावे लागत असे आणि कोऱ्या कागदावर सही करताना तरी तिला शंका येत असे. आता डोंगल आणि पिन ज्याच्या हातात आहे, त्याला बाईच्या घरापर्यंत येण्याचीही गरज राहिलेली नाही. बाईंच्या प्रश्नावर सभागृहात जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. कोणाचा डोंगल संगणक चालकाच्या टेबलाच्या खणात होता, कोणाचा ग्रामसेवकांच्या पिशवीत, दोघींचा व्हरांड्यात बसलेल्या पतींच्या खिशात. माझा खणात होता. पिन कोणता आहे, हे मला माहीत नव्हते.

फक्त साक्री तालुक्यातल्या साठीच्या एका सरपंचांनी कमरेचा बटवा सोडला आणि सुपारीच्या डबीशेजारून डोंगल काढून दाखवला. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, परंतु आठवडी बाजारात आयुष्य गेल्याने आकडे पक्के आहेत, आणि पिन त्यांच्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. प्रत्येक बिल त्या नातीकडून वाचून घेतात. “मी अंगठा देस, पन आयकीसन देस,” त्या म्हणाल्या, आणि मग जरा रागानेच, “घरनी चावी दुसराना हातमा देतस का, माय?” तीन दिवसांत टाळ्या अनेकदा वाजल्या होत्या; या वेळी कोणी वाजवल्या नाहीत, सगळ्या एकमेकींकडे पाहत राहिल्या.

उरलेल्या वेळात विस्तार अधिकारीबाईंनी ग्रामपंचायतीच्या तेहतीस नमुन्यांपैकी केवळ चार शिकवले: नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे रोकड वही, नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंद आणि नमुना ९ म्हणजे मागणीची. रोकड वहीच्या एका खऱ्या पानाची नावे झाकलेली छायाप्रत प्रत्येकीला दिली आणि त्यातली चूक शोधायला सांगितली. वीस मिनिटांत पाच जणींना ती सापडली. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले साठ टक्के बंधित, म्हणजे पाणी व स्वच्छतेवरच खर्च करायचे होते, उरलेले चाळीस टक्के अबंधित होते, महिला व बालकल्याणासाठी दहा टक्के स्वतःच्या उत्पन्नातून राखून ठेवायचे असतात, आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे, एवढे त्या ओघात आले. हे सत्र पहिल्या दिवशी सकाळी ठेवून त्याला संपूर्ण दिवस दिला असता, तर हे परीक्षण लिहायला मला वर्ष थांबावे लागले नसते.

परत आल्यावर मी तीन गोष्टी केल्या. आधी स्वतःच्या नावाने सिमकार्ड घेऊन पंचायत समितीत तो क्रमांक नोंदवला. मग खणातला डोंगल मागितला. संगणक चालक ‘ताई, राहू द्या ना, तुम्हाला कशाला त्रास’ म्हणाला, ते तो मनापासून म्हणत होता याबद्दल मला शंका नाही. पिन बदलून घेतला, आणि त्यानंतर रोकड वही मागितली. ती मिळायला नऊ दिवस लागले. तिच्यात पाणीपुरवठ्याच्या मोटारीची दुरुस्ती एकाच महिन्यात दोनदा पडलेली होती. त्या महिन्यात मोटार एकदाच वर काढली होती हे मला आठवत होते, कारण त्या दिवशी मी स्वतः विहिरीवरून पाणी आणले होते. दुसरी नोंद चुकून झाली असे सांगण्यात आले आणि रक्कम पुढच्या बिलात वळती झाली. चूक होती की आणखी काही, याच्या खोलात मी गेले नाही. दोन्ही नोंदींवर डिजिटल स्वाक्षरी माझीच होती.

याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. डोंगल माझ्याकडे आल्यानंतर पहिले तीन आठवडे देयके रखडली, कारण प्रत्येक बिल मी वाचत होते आणि मला वाचायला वेळ लागत होता. ‘बाईमुळे कामे अडली’ हे वाक्य पारावर ऐकू आले, आणि त्यात तथ्यही होते. घरात काही दिवस बोलणे मोजके झाले. माझे पती वाईट गृहस्थ नाहीत. दोन वर्षे गावाने त्यांना ‘सरपंच’ आणि मला ‘सरपंचीणबाई’ म्हटले, त्यांना ते अंगवळणी पडले होते. आता ते मला फोनवर ‘तुझा ओटीपी आला का?’ असे विचारतात, आणि गावातले लोक कधी कधी अजूनही त्यांनाच सरपंच म्हणतात. एका प्रशिक्षणाने हे बदलेल अशी माझी अपेक्षा नव्हती.

प्रशिक्षणानंतर काही महिन्यांत या विषयावर दिल्लीतही हालचाल झाली. पतीच कारभार पाहतात या तक्रारींसाठी केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने नेमलेल्या समितीने फेब्रुवारी २०२५ मध्ये अहवाल देऊन कडक दंडाची शिफारस केली, आणि मार्चमध्ये महिला प्रतिनिधींच्या प्रशिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. दंडाबद्दल मी साशंक आहे. दंड झालाच तर तो भरण्याचे पैसे आणि त्यानंतरचा घरातला रोष या दोन्ही गोष्टी बाईच्याच वाट्याला येतील, असे मला वाटते. त्यापेक्षा डोंगल देताना अधिकाऱ्यांनी तो बाईच्याच हातात द्यावा आणि पिन तिच्याकडूनच टाकून घ्यावा, ही व्यवस्था एका आदेशाने होऊ शकते आणि तिला खर्चही नाही.

राहिला आरक्षण बदलण्याचा प्रश्न. पहिली दोन वर्षे मला काहीच कळत नव्हते, तिसऱ्या वर्षी कळू लागले, चौथ्या वर्षी कामे उभी राहतील, आणि पाचवे संपता संपता सोडत निघून जागा दुसऱ्या प्रवर्गाकडे जाईल. फिरत्या आरक्षणाने अधिक गावांत अधिक बायकांना संधी मिळते हे मान्य आहे, पण शिकलेली बाई पुन्हा चुलीकडे वळते हाही त्याचाच भाग आहे. मुंबईच्या त्या अभ्यासातली पाच पट शक्यता आमच्या गावात उतरेल का, हे २०२७ मध्ये कळेल. मी खुल्या जागेवर उभी राहण्याचा विचार बोलून दाखवला आहे. ओसरीवरची पुढची बैठक अजून बसलेली नाही.

आरक्षणाने मला खुर्ची दिली आणि त्या खुर्चीवर बसणे मला या संस्थेने अडीच दिवस वाया घालवून दीड तासात शिकवले, अशी माझी नोंद आहे. पाचपैकी तीन गुण देते. त्यांतला एक वकीलबाईंचा, दोन विस्तार अधिकारीबाईंचे. नव्याने निवडून आलेल्या, दप्तर कधी न पाहिलेल्या सदस्यांनी अवश्य जावे. नंदुरबारच्या पेसा गावांतल्या भगिनींनी अभ्यासक्रमात त्यांचा कायदा आहे का, हे आधी विचारून घ्यावे, आणि नसल्यास पैसे वाचवावेत. लहान मूल असल्यास सोबतीला कोणी न्यावे. तिसऱ्या दिवशी दुपारी निघू नये.

आणि एक किरकोळ बाब: ‘पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका’ असे विस्तार अधिकारीबाईंनी आम्हाला बजावले होते, म्हणून निघताना मी १,८०० रुपयांची पावती मागितली. ती तयार नव्हती. ‘पोस्टाने पाठवतो’ असे उत्तर मिळाले आणि दोनदा फोन केल्यानंतर फेब्रुवारीत ती आली, माझ्या पतींच्या नावाने.